अक्का, या वर्षीचं वर्तुळ

सेतुअक्का, भिंतीचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलंय.

तुम्ही गेलात तेव्हा आभाळ कोरडं होतं. दिवाळी उरकली होती, तमिळ पंचांगातला ऐप्पसी महिना संपत आला होता, आणि उत्तरेच्या फाटकाशी उभारलेली नवी भिंत अजून एकदाही नीट भिजली नव्हती. हॉस्पिटलात भेटायला आलेला प्रत्येक जण डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचा, आणि तुम्ही उलट त्यालाच विचारायचात, पाऊस कधी म्हणतायत. त्यांना वाटायचं, वेळ जावा म्हणून हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. तुम्हाला कसली धास्ती होती ते मला ठाऊक होतं. ती भिंत तुमच्या शब्दावर तिथे उभी राहिली होती. त्याआधी तुमच्याच शब्दावर ती दक्षिणेला उभी राहणार होती, आणि तो शब्द तुम्ही भर मीटिंगमध्ये मागे घेतला होता. आता पाणी खरोखरच दक्षिणेकडून आलं, तर तळमजल्यावरची सगळी घरं पुन्हा बुडणार होती. त्यात तुमचंही होतं. ते बघायला तुम्ही थांबला नाहीत, म्हणून हे लिहायला बसलेय.

आपली ओळख झाली लिफ्टपाशी, माझ्या आईमुळे. चेन्नईत, वेलचेरीच्या या अपार्टमेंटमध्ये मी नवी होते आणि फोनवर नाशिकला आईशी भांडत होते, नेहमीच्याच विषयावर. फोन ठेवला तर शेजारी उभ्या असलेल्या सुती साडीतल्या बाई म्हणाल्या, "आईशी असं बोलूं नये. केठली तूं?" मी दचकलेच. शब्द मराठी, चाल तमिळ, आणि अधिकार असा की जणू मी त्यांचीच भाची. तंजावरहून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली तुमच्या घरातली ती मराठी मला पुढे कित्येक दिवस अर्धीमुर्धीच कळायची. सगळं म्हणजे अस्क, छान म्हणजे चोखट, का म्हणजे कसाला. माझी मराठी तुम्हाला हिंदीसारखी वाटायची, आणि ते तुम्ही तोंडावर सांगायचात. बिल्डिंगमधले बाकी सगळे तुम्हाला टीचर म्हणत, कारण उभा जन्म तुम्ही कॉलेजात कॉमर्सच्या मुलींना संख्याशास्त्र शिकवलं होतं. मी मामी म्हणून बघितलं, ते तुम्ही मोडीत काढलंत. अक्का म्हण म्हणालात, आणि मला तमिळ लाडाने कण्णा म्हणायला लागलात. माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला अक्का म्हणताना मला आधी हसू यायचं.

तुमच्याकडे कॉफी प्यायला येणं हे निमित्त असायचं. खरं म्हणजे मला तुमच्याशी वाद घालायची सवय लागली होती. ऑफिसात मी दिवसभर गाड्यांच्या आवाजाचे आलेख काढते, तिथे कोणी कोणाशी वाद घालत नाही, सगळे फक्त मान डोलावतात. तुम्ही माझा एकही आलेख धडपणे पास केला नाहीत. खालच्या रेषेवर काय मोजलंय ते लिहिलेलं नाही, म्हणून तुम्ही एकदा माझं अख्खं प्रेझेंटेशन बाजूला सारलंत आणि डांगर पच्चडी कालवायला उठून गेलात. राग आला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी ते लिहून टाकलं, हे मात्र तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात आपल्याकडे पाणी शिरलं. वेलचेरीत पाणी येतं यात नवल काही नाही, फ्लॅट घेतानाच लोक ते धरून चालतात. पण त्या खेपेला पार्किंग भरलं, तळमजल्यावरच्या घरांतल्या गाद्या तरंगल्या, तुमच्या पुस्तकांचा खालचा कप्पा लगदा झाला. पाणी ओसरलं आणि भांडण सुरू झालं. कंपाउंडची भिंत उंच करायची हे सगळ्यांना मान्य होतं, पण असोसिएशनची ऐपत एकाच बाजूपुरती होती. मग बाजू कोणती? पाणी आलं तेव्हा लाइट गेलेले, अंधार, प्रत्येकाने आपल्या दारातून बघितलेलं. जो तो म्हणे, एरीचं पाणी आलं. एरी म्हणजे तलाव, तो आपल्या दक्षिणेला. आपले सेक्रेटरी सेंदिलसर तर दक्षिणेच्या भिंतीसाठी मेस्त्रीला बोलावूनच मोकळे झाले होते.

तुम्ही म्हणालात, आधी मोजू या. आणि मोजायची तुमची ती तऱ्हा. तुम्ही कोणालाही दिशा विचारली नाहीत. प्रत्येकाला घरातून बाहेर काढलंत, पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो जिथे उभा होता तिथे नेऊन उभं केलंत, आणि सांगितलंत, बोलायचं नाही, हात लांब कर आणि पाणी कुठून आलं ते दाखव. मग मी माझ्या फोनमधलं होकायंत्र त्या हातावर आडवं ठेवायचे आणि आकडा वाचायचे. शून्य म्हणजे उत्तर, नव्वद म्हणजे पूर्व, असं फिरत फिरत तीनशेसाठला परत उत्तर. तुम्ही आकडा लिहून घ्यायचात आणि पाणी किती चढलं होतं ते विचारायचात. त्यालाही फूटपट्टी नव्हती. घोटा, गुडघा, मांडी. तोंडाला विचारलं तर तोंड एरी म्हणतं, असं तुम्ही जिन्यात मला म्हणालात. हाताला विचारलं तर हात पाण्याचं सांगतो. काही जणांना हे सगळं पोरखेळ वाटलं. पण टीचरला नाही म्हणायची कोणाची छाती होती? पायजम्यातले इंजिनियर, मॅनेजर, सगळे आपापल्या दाराशी हात लांब करून उभे राहिले.

कोण नक्की कुठे हात करतंय, याकडे आपल्या दोघींचं लक्ष नव्हतं. बंद कॉरिडॉरमध्ये, वळणावळणाच्या जिन्यात, कुठे तोंड केलंय तेच कळत नाही. मी आकडे वाचत होते, तुम्ही लिहीत होता. सगळं झाल्यावर तुम्ही कम्प्युटरवर बसून सरासरी काढलीत. आली एकशे ऐंशी, जवळजवळ नेमकी. एकशे ऐंशी म्हणजे दक्षिण. मीटिंगमध्ये तुम्ही ते सांगितलंत आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण एरी तिकडेच होती. माप आणि समजूत एकाच जागी आली की माणसं शंका घेत नाहीत. मीही घेतली नाही. सेंदिलसरांनी टीचरचे आभार मानले आणि पुढच्या सोमवारपासून काम धरायचं ठरलं.

मग तुम्हाला नोटीस बोर्डासाठी चित्र हवं झालं. नुसता आकडा लावणं तुम्हाला अपुरं वाटत होतं. ज्यांनी हात दिले त्यांना आपला हात कागदावर दिसला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. त्या शनिवारी मी लॅपटॉप घेऊन तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. आधी साधा स्तंभालेख काढला, शून्यापासून तीनशेसाठपर्यंत आडवी रेघ. डाव्या टोकाला एक ढीग, उजव्या टोकाला एक ढीग, मध्ये सगळं रिकामं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. म्हणालात, बिल्डिंगमध्ये दोन तट दिसतात, आणि सरासरी जिथे पडते तिथे कोणीच राहत नाही. वर्गात तुम्ही मुलींना हेच सांगायचात, की सरासरीच्या घरात माणूस असेलच असं नाही. पण अजून तुम्हाला उलगडा झाला नव्हता. मलाही नाही.

मी म्हटलं, दिशा आहेत तर गोलच काढू. पायथन या कम्प्युटरच्या भाषेतल्या चित्रांच्या तयार लायब्ररीला त्यासाठी एकच शब्द जास्त सांगावा लागतो, पोलर. तो सांगितला की चौकोनी कागदाचं वर्तुळ होतं. कोन म्हणजे दिशा, आणि मध्यापासूनचं अंतर म्हणजे आपल्याला हवं ते माप. तुम्ही म्हणालात, अंतर म्हणून पाण्याची उंची घे. म्हणून आतल्या कड्यावर मी घोटा लिहिलं, मधल्यावर गुडघा, बाहेरच्यावर मांडी. एकेका घराचा एकेक ठिपका. पहिल्यांदा ठिपके आले ते सगळ्या वर्तुळभर, कोणी तीळ उधळावेत तसे. मी गोंधळले. तुम्ही पदराने चष्मा पुसलात आणि हसायला लागलात. तुझ्या यंत्राला अंश कळत नाहीत, म्हणालात, त्याला कोन रेडियनमध्ये दे. लायब्ररीतलं एक अक्षर तुम्हाला येत नव्हतं, पण ती काय मागतेय ते तुम्हाला माझ्याआधी कळलं. मी एक ओळ वाढवली आणि पुन्हा चालवलं.

सगळे ठिपके एका बाजूला गोळा झाले. दोन ढीग नव्हतेच. एकच होता, उजवीकडे. या लायब्ररीचं शून्य उजव्या हाताला असतं आणि कोन घड्याळाच्या उलट वाढत जातात, गणिताच्या पुस्तकात असतात तसे. नोटीस बोर्डावर हे असं लावलं तर लोक उजवीकडे म्हणजे पूर्व समजतील, म्हणून मी आणखी दोन ओळी घातल्या: शून्य वर, आणि फिरायचं घड्याळासारखं. ढीग सरकून वर गेला. तुम्ही लगेच हरकत घेतलीत.

"अस्क चोखट अहे," तुम्ही म्हणालात. "पण शून्य कसाला वर नेलंस? त्याचं घर उजवीकडे अहे."

मी म्हटलं, होकायंत्रात उत्तर वर असते. तुम्ही म्हणालात, होकायंत्र खलाशांचं, गणित सगळ्यांचं. आपण तावातावाने बोलत होतो, आणि बोलता बोलता तुम्ही एकदम थांबलात. बोट पडद्यावर ठेवलंत, वर्तुळाच्या खालच्या बाजूला, जिथे एकही ठिपका नव्हता.

"एठे कोण अहे?"

मी म्हटलं, कोणी नाही.

तुम्ही खुर्चीत मागे टेकलात. गॅसवर दूध उतू गेलं ते आपल्या दोघींनाही कळलं नाही. तुम्ही इतकंच म्हणालात, "मी चुकलें, कण्णा." मग हळूहळू सांगितलंत, मला नाही, स्वतःलाच. कोणाचा हात तीनशेपन्नासवर, कोणाचा दहावर. दोघेही उत्तरच दाखवतायत, खांद्याला खांदा लावून उभे. पण सरळ रेघेवर मांडून त्यांची सरासरी काढली की येते एकशे ऐंशी, बरोबर उलटी. सारा जन्म तुम्ही मार्क, भाव, उंची, पगार शिकवले होते. ते सगळे रेघेवर राहणारे आकडे. गोलावर राहणारे आकडे कधी तुमच्या वर्गात आलेच नव्हते. तिथे शून्य आणि तीनशेसाठ एका भिंतीचे शेजारी असतात.

मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल, दोन दिवस घुम्यासारख्या बसाल. तुम्ही सांडलेलं दूध पुसलंत आणि कागद घेतलात. प्रत्येक घराने आपापल्या दिशेने एक पाऊल टाकलं, एकाचं संपलं की तिथून पुढे दुसऱ्याचं, तर शेवटी आपण कुठे पोचू, असा हिशेब मांडलात. मी तोच लायब्ररीकडून करून घेतला. उत्तर आलं उत्तरेचं, किंचित इकडेतिकडे. मग आपण गच्चीवर जाऊन बघितलं. उत्तरेची गल्ली दर वेळी नव्याने डांबर घालून घालून आपल्या फाटकापेक्षा उंच झाली होती. पाणी एरीतून आलंच नव्हतं. ते रस्त्यावरून उतरून आत आलं होतं. तुम्ही फाटकाकडे बघत म्हणालात, रोज इथूनच भाजी घेऊन येते मी.

सेंदिलसरांना तुम्ही त्याच संध्याकाळी सांगितलंत. ते भले गृहस्थ, तुम्हाला जपायला बघत होते. म्हणाले, टीचर, राहू दे, आता ठरलंय, दक्षिणेला एरी आहेच, तिथेही कधी ना कधी पाणी येईलच, आणि तुमची चूक झाली हे कोणाला कळायचंय? उगाच तुमचं नाव जाईल. मी तुमच्या मागे उभी होते. खरं सांगते अक्का, क्षणभर मलाही ते पटलं. ऑफिसात मी हेच बघत आलेय. चूक कोणी करत नाही, ती आपोआप होते, आणि पुढच्या स्लाइडवर निघून जाते. तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात की मीटिंग उद्याच बोलवा, आणि नाही बोलवलीत तर मी दारोदार जाऊन सांगेन, हात घेतले तसेच.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. स्कूटर बाजूला केल्या, खांबाला चादर बांधून त्यावर मी ते वर्तुळ दाखवलं. लोकांना त्यात आपला ठिपका शोधायचीच गंमत वाटली, अर्थाकडे कोणी बघेना. मी रेडियन आणि सरासरी समजावायला लागले तसे मागचे दोघे फोन काढून बसले. तुम्ही मला हाताने थांबवलंत. उठून उभ्या राहिलात आणि तमिळमधून सगळ्यांना म्हणालात, उभे राहा, डोळे मिटा, त्या दिवशीसारखा हात करा. टीचरचा आवाज तो, सगळे उभे राहिले. मग म्हणालात, आता डोळे उघडा आणि एकमेकांचे हात बघा.

ते दृश्य मी विसरायची नाही. अख्खं पार्किंग हात लांब करून उभं, आणि सगळे हात फाटकाकडे.

"जिकडे तुमच्यातल्या एकाचाही हात नाही," तुम्ही म्हणालात, "तिकडे मी तुम्हाला भिंत बांधायला सांगितली. हिशेब मी चुकवला. भिंत फाटकाकडे बांधा."

आणि खाली बसलात. ना सबब, ना वयाचा आधार, ना कम्प्युटरवर ढकलणं. बोलताना तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही, साडीचा पदर मात्र तुम्ही मुठीत घट्ट धरला होतात. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. मी आजवर खूप हुशार माणसं बघितलीत. अशी हुशारी, जी स्वतःवर उलटली तरी जागची हलत नाही, ती मी एकदाच बघितली, स्कूटरींच्या मध्ये. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही विषय बदलला असतात, हे एक. आणि समोर बसलेल्या माणसाचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही, हे दुसरं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. मागच्या ब्लॉकवाल्यांचा एरीवरचा विश्वास काही हलेना. टीचर आज दक्षिण म्हणतात, उद्या उत्तर, परवा पूर्व म्हणतील, हे लिफ्टमध्ये तुमच्या पाठीमागे बोललं गेलं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलंही. काठावरच्या बहुमताने भिंत उत्तरेला झाली, फाटकाशी रस्त्याच्या वर जाईल असा उतारही केला. तेव्हापासून काही घरं तुमच्याशी जरा अंतर ठेवून बोलू लागली. तुम्ही त्यांच्या घरी डांगर पच्चडी पाठवत राहिलात.

आपलं भांडण मात्र शून्याचंच राहिलं. मी तुम्हाला पायथन शिकवायला लागले आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून माझ्या त्या दोन ओळी खोडायला लागलात. मैलापूरला कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, ऐकायला जाताना वेलचेरीच्या त्या रिकाम्या, घुमणाऱ्या स्टेशनात गाडीची वाट बघत आपण हेच बोलायचो. मी म्हणायचे, चित्र ज्याच्यासाठी काढायचं त्याच्या सवयीने काढावं, लोकांना उत्तर वर लागते. तुम्ही म्हणायचात, लोकांना सवय नाही म्हणून काय झालं, सवय लावावी. बोर्डावरच्या चित्रात तुम्ही माझं ऐकलंत, कारण ते बिल्डिंगचं होतं. तुमच्या लॅपटॉपवर शून्य कायम उजवीकडे. मंडैवेळी स्टेशनपर्यंत वाद चालायचा आणि मैलापुरात उतरल्यावर, आत कोण गातंय ते कानावर पडलं की आपोआप थांबायचा. जिंकलं कोणीच नाही. आता एकटीने दोन्ही बाजू बोलायला जाते, तर तुमची बाजू मला नीट जमत नाही.

शेवटचं बोलणं हॉस्पिटलातलं. अण्णा नगरला तुमच्या मुलाच्या, रघूच्या घराजवळ तुम्हाला ठेवलं होतं, आणि मेट्रो बदलून मी यायचे. त्या दिवशी तुम्हाला बोलायला धाप लागत होती. तुम्ही विचारलंत, "पाणी तिकडूनच आलं तर?"

तिकडून म्हणजे दक्षिणेकडून. मी म्हटलं, येणार नाही अक्का, मी सांगते ना.

"तूं सांगूं नको," तुम्ही म्हणालात. "पाणी सांगेल. मग तूं मला येऊन सांग."

मी हो म्हटलं. तुमचा हात हातात घेऊन आणखी काही बोलायचं मनात होतं. तेवढ्यात नर्स आली, आणि मी उद्या येते म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटेच रघूचा फोन आला.

तुम्हाला त्याने इथे, तुमच्या घरी आणलं. हॉलमधलं जेवणाचं टेबल बाजूला केलं, खाली जागा झाली. वाध्यारांनी, म्हणजे भटजींनी, विचारलं, दक्षिण कुठली? गेलेल्या माणसाचं डोकं तिकडे करतात. दुसरी कुठली बिल्डिंग असती तर लोकांनी खिडकीतून सूर्य शोधला असता, फोन काढले असते. इथे सेंदिलसर, रघू, वरच्या मजल्यावरची माणसं, दारात दाटीने उभे असलेले मागच्या ब्लॉकवाले, सगळ्यांचे हात एकदम उठले. एकाच बाजूला. एकही हात चुकला नाही. तुम्ही शिकवून ठेवलं होतंत. त्या दिवशी दक्षिण हेच उत्तर होतं, अक्का, आणि सगळ्यांनी ते बरोबर दिलं. मी तोपर्यंत रडले नव्हते.

आता भिंतीचं.

कार्तिगै महिना लागला आणि पाऊस आला. पहिल्या दिवशी नुसताच, दुसऱ्या दिवशी थांबेचना. दुपारी गल्ली दिसेनाशी झाली. आम्ही सगळे छत्र्या घेऊन पार्किंगमध्ये उतरलो होतो, मागच्या ब्लॉकवालेसुद्धा. ते पाठ करून दक्षिणेच्या भिंतीकडे बघत उभे होते आणि आम्ही फाटकाकडे. मला सारखा तुमच्या मुठीतला पदर आठवत होता. मनात म्हणत होते, तिकडून येऊ नको, बाकी कुठूनही ये.

ते फाटकाकडूनच आलं. रस्त्यावरून वाहत, कचरा आणि कोणाची तरी चप्पल घेऊन, आपल्या उतारावर चढलं, भिंतीला टेकलं आणि तिथेच उभं राहिलं. बाहेर गुडघ्याच्या वर होतं. आत फटीतून थोडं झिरपलं, ते फडक्याने पुसण्याइतकं. दक्षिणेची बाजू रात्रीपर्यंत कोरडी. मागच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ, लिफ्टमध्ये बोलणाऱ्यांतलेच, भिंतीपाशी गेले, वाकून पलीकडे पाणी किती आहे ते बघितलं, आणि परत येऊन माझ्याजवळ उभे राहिले. म्हणाले, टीचर असायला हव्या होत्या. मी म्हटलं, हो. सेंदिलसर तुमच्या बंद दारापाशी जाऊन आपली छत्री मिटून उभे राहिले. तुमच्या उंबऱ्याशी पाण्याचा थेंब नव्हता.

पाऊस उघडल्यावर मी तुमच्या पद्धतीने फोन घेऊन दारोदार फिरले. एकटीच. प्रत्येकाला जागेवर उभं केलं आणि म्हटलं, बोलायचं नाही, हात करा, पाणी घरात कुठून आलं? लोक माझ्याकडे बघत राहिले. कोणाचा हात उठेना. दाखवणार काय, कोणाच्या घरात पाणी आलंच नव्हतं. तळमजल्यावर शेवटचं दार तुमचं. तिथेही थोडा वेळ उभी राहिले, तुमच्या वाटणीचा आकडा घ्यायला.

घरी येऊन तोच जुना प्रोग्राम उघडला आणि रिकामी यादी देऊन चालवला. लायब्ररीने तक्रार न करता चित्र काढलं. घोटा, गुडघा, मांडी, तिन्ही कडी जागच्या जागी, आणि आत एकही ठिपका नाही. सगळं कोरडं. त्याची प्रिंट काढून मी नोटीस बोर्डावर मागच्या वर्षीच्या चित्राशेजारी लावलीय. माझ्या त्या दोन ओळी आधी खोडल्या. सेंदिलसरांनी विचारलं, यात शून्य उजवीकडे का गेलं? मी म्हटलं, त्याचं घर तिथेच आहे.